दोन गाठींचा दोरा

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "काय, काय" करतेस आणि शेवटी मीच घसा बसला की ठेवून देते. शिलाई मशीनच्या खडखडाटात तुझे कान गेले आणि शिक्षा मला, पत्रं लिहायची. तर बातमी अशी की तुझ्या काडीला दिवस गेलेत. चौथा महिना संपत आला. इतके दिवस लपवलं म्हणून तू चार शिव्या घालणार, त्या घालून झाल्या की पुढचं वाच.

मला कपडे हवेत. एकही ड्रेस आता बसत नाही. कमरेला पिना लावून दिवस काढतेय. परवा बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले होते. तिथे गरोदर बायकांच्या कपड्यांचा वेगळा कोपरा आहे. तिथल्या मुलीने मला पोटावर एक उशी बांधायला दिली, सातव्या महिन्यात ड्रेस कसा दिसेल ते कळावं म्हणून. उशी बांधून आरशात बघितलं आणि मलाच हसू आलं. मग किमतीची चिठ्ठी बघितली आणि हसू गेलं. कापडही असलं की घाम आला की अंगाला चिकटून बसावं. उशी सोडून परत दिली आणि घरी आले.

आता खरी अडचण ऐक. मी औषधाच्या कारखान्यात लागले हे तुला माहीत आहे. सरबतासारख्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून येतात, आम्ही दहा जणी ओळीत उभ्या. एकेक बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, आत कण, केस, धागा काही तरंगतंय का बघायचं आणि पुढे सोडायची. आठ तास उभं राहून. मी अजून तात्पुरती आहे. मे महिन्यात कायम करतात. कायम झाले की बाळंतपणाची रजा मिळते आणि नोकरी राहते. पण त्याआधी कुणाला कळलं की सुपरवायझर बाई गोड बोलून घरी बसवते. दोघींना बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या जावयाचा, म्हणजे आमच्या ड्रायव्हरसाहेबांचा, ट्रक महिन्यातले दहा दिवस उभा असतो, त्यामुळे ही नोकरी मला हवीच आहे.

म्हणून ड्रेस असा शिव की पोट दिसणार नाही, वरून पांढरा एप्रन बसेल, श्वास घेता येईल आणि नंतर रोज घालता येईल. बटणं अजिबात नकोत. पट्ट्यावर बटण तुटून पडलं तर सगळ्या बाटल्या फेकाव्या लागतात.

तुझी काडी

---

१० फेब्रुवारी

काडे,

शिव्या घालून झाल्या. मशीनवरच घातल्या, शेजारीण बघायला आली काय झालं म्हणून.

आज तुझी आई हवी होती. ताई असती तर तिने मला बोट लावू दिलं नसतं, सगळं स्वतः हाताने शिवलं असतं, आणि वाकडं शिवलं असतं. असो. तिच्या वाटचं मी करते.

तुझ्याकडे टेप नसणार. विकत आणू नकोस, बाजारातल्या टेप दोन महिन्यांत लांबतात. जाड सुती दोरा घे. मशीनचा घेऊ नकोस, तो ताणतो. सरळ उभी राहा, श्वास सोड, बेंबीवरून एक वेढा घे, टोकाला टोक भिडलं की काप. तसाच छातीचा घे. छातीच्या दोऱ्याला एक गाठ मार, पोटाच्या दोऱ्याला दोन, म्हणजे माझा गोंधळ व्हायचा नाही. हे दर महिन्याच्या एक तारखेला करायचं आणि पाकिटात घालून पाठवायचं. महिन्याला साधारण दोन इंच वाढतं पोट. मी त्या हिशेबाने कापत जाईन. जास्तीचं कापड मी कधी कापत नाही, आत दुमडून ठेवते. पुढे लागतं.

पोट लपवायचं म्हणतेस, तर लपवू. खांद्याखाली योकची आडवी पट्टी, योकपासून चुण्या. तू समोर उभी राहिलीस तरी तुझी सुपरवायझर फसेल. मला हे आवडलेलं नाही, तेही सांगून ठेवते. पण नोकरी जाऊ नये हे मलाही कळतं.

एकच बजावते. दर महिन्याला दवाखान्यात जायचं. नर्सला पोटाला हात लावू द्यायचा. त्यात कुचराई केलीस तर मी तिथे येऊन कान पिळीन.

मावशी

---

२ मार्च

मावशी,

ड्रेस आला. राखाडी रंग छान काढलास, मळत नाही. घातला आणि पहिल्यांदा दोन महिन्यांत पोटभर श्वास घेतला. काखेत कुठे काचत नाही. सुपरवायझर बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लग्न मानवलं गं तुला, अंगावर आलीस." मी मान खाली घालून बाटल्या बघत राहिले. शेजारी उभी राहते तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण ती बंदच होत नाही. इथे फक्त तिलाच माहीत आहे. तिला हसू आवरेना, खोकल्याचं नाटक करावं लागलं.

आणि मावशी, ते हललं. गुरुवारी, दुपारच्या चहाच्या थोडं आधी. हातात बाटली होती, दिव्यासमोर धरलेली. आतून कुणीतरी टिचकी मारावी तसं झालं. बाटली सुटता सुटता राहिली. मी त्या बाटलीकडे बघतच राहिले, पट्टा पुढे गेला, चार बाटल्या न बघता गेल्या. रेडिओने पटकन मागे घेतल्या.

दोरे पाठवतेय. दोन गाठींचा नीट बघ, चांगला वाढलाय.

काडी

---

९ मार्च

काडे,

खिडकीशेजारी एक खिळा आहे, त्याला तुझे दोरे टांगलेत. दोन गाठींचा दुसरा पहिल्यापेक्षा दोन बोटं आणि वर थोडा लांब. झकास. काम करता करता मान वर केली की दिसतात. शिवण शिकायला येणाऱ्या पोरी विचारतात हे काय, मी सांगते, माझा नातू आहे.

दुसरा ड्रेस लावलाय. निळा. यात योकच्या खाली चुण्यांच्या आत दोन उभ्या फटी ठेवल्यात, बाळाला पाजायला. वरून कुणाला कळायच्या नाहीत, बटण नाही, हूक नाही. बाळ झालं की हाच ड्रेस वर्षभर घालशील. छातीचं माप पुढे वाढणार ते धरून फटींची जागा काढलीय.

हललं त्या दिवशी चार बाटल्या न बघता सोडल्यास, हे वाचून बरं वाटलं. बाळाने कारखान्याचं पहिलं नुकसान केलं.

दवाखान्यात गेलीस का, ते लिहिलं नाहीस.

मावशी

---

४ एप्रिल

मावशी,

निळा मिळाला. फटी सापडायला मलाच पाच मिनिटं लागली. ड्रायव्हरसाहेब आले होते दोन दिवस, त्यांना शोधायला लावल्या, त्यांना सापडल्या नाहीत.

सध्या पाय सुजतात. चपला एक नंबर मोठ्या घेतल्या. बाकी बरं आहे. शिफ्ट बदलली, सकाळची आहे. आता दीड महिना काढला की झालं. मे महिन्याच्या पंधरा तारखेला कागद मिळतात म्हणे. मी रोज बोटावर दिवस मोजते.

एक तारखेचे दोरे सोबत आहेत. तिसरा ड्रेस जमला तर लवकर पाठव, दोनच उलटसुलट घालते आणि ते वाळत नाहीत.

काडी

---

११ एप्रिल

काडे,

दोन गाठींचा तिसरा दोरा खिळ्याला लावला. दुसऱ्याशेजारी धरला तर नखाएवढाही फरक नाही. मला वाटलं तू मार्चचाच कुठे पडलेला दोरा पाकिटात कोंबलास. मग गाठ बघितली, गाठ वेगळी आहे.

मग ताणून धरलास का? की सुपरवायझर बाईंपासून पोट लपवता लपवता आता माझ्यापासूनही आत ओढायला लागलीस? बायका माप देताना श्वास ओढतात, हे मी चाळीस वर्षं बघतेय. तू तर मुळात काडी. तुझं पोट ते केवढं असणार, पण इतकंही कमी असायला नको. अशा वेळी मी बाईने दिलेल्या मापावर जात नाही, स्वतःच्या अंदाजावर जाते. म्हणून तिसऱ्या ड्रेसला दोन इंच माझ्या मनाने वाढवून कापलंय. आज टाकतेय पार्सल.

नर्स काय म्हणाली ते मात्र लिही. या वेळी विसरायचं नाही. तिच्याकडे टेप असते, ती पोटाचं माप घेतेच.

मावशी

---

१८ एप्रिल

मावशी,

तू उगीच जीव टांगणीला लावून घेतेस. नर्सबाईंनी परवाच टेप लावून बघितलं. सगळं जिथल्या तिथे आहे म्हणाल्या. दोरा मीच ताणला असेल. घाईत घेतला होता, कामाला निघताना.

तिसरा ड्रेस सगळ्यात आवडला. मोकळा आहे. आरशासमोर दोन्ही बाजूंनी मुठीत कापड धरून बघितलं, भरपूर येतं. म्हणजे अजून वाढायला जागा आहे. एप्रन घातला की माझं मलाच पोट दिसत नाही.

बाळ आता शहाणं झालंय. मार्चमध्ये कामाच्या वेळी दंगा करायचं, आता शिफ्टभर गप्प असतं. त्यालाही कळलं असेल, मे महिन्यापर्यंत आवाज करायचा नाही. रेडिओ म्हणते जागा कमी पडली की तसं होतं, तिच्या दोन्ही वेळा झालं होतं.

सत्तावीस दिवस राहिले.

काडी

---

२६ एप्रिल

काडे,

नर्सने बघितलं हे वाचलं आणि मला दोन घास जास्त गेले. मग दोरा चुकला. चुकू दे.

पण शहाणं झालंय म्हणजे काय? गप्प असतं ते किती गप्प असतं? रेडिओ काही डॉक्टर नाही. मनात शंका आली तर सुट्टीची वाट बघत बसू नकोस. नर्सने बघितलंय म्हणून मी जास्त बोलत नाही, नाहीतर आजच गाडीत बसले असते.

एक मेचा दोरा नीट घे. श्वास सोडून. दोन वेळा घे आणि दोन्ही पाठव.

मावशी

---

१३ मे

आदरणीय मावशी,

मी तुमचा जावई लिहीत आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, काही चुकलं तर समजून घ्या. फोनवर सांगायला बसलो होतो, पण तुम्हाला ऐकू गेलं नसतं आणि मला ते मोठ्याने ओरडून सांगता आलं नसतं.

बाळ राहिलं नाही. सहा तारखेला तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले चार-पाच दिवस झाले असावेत. आत वाढ आधीपासूनच थांबली होती असंही म्हणाले. आठ तारखेला पहाटे मोकळी झाली. मुलगी होती. फार लहान होती. मी बघितली, हिनेपण बघितली.

मी विचारलं, आधी कळलं असतं तर काही झालं असतं का. डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही.

ही घरी आहे. जेवते. दिवसभर तुम्ही शिवलेला निळा ड्रेस घालून बसते. काल, पंधरा तारखेच्या आधीच, कारखान्यातून माणूस येऊन कागद देऊन गेला. ती कायम झाली. कागद मी कपाटात ठेवला आहे. तिने वाचला नाही.

तुमचा

ड्रायव्हर

---

२० मे

काडे,

तीन वेळा लिहायला बसले आणि फाडलं. आता जे येईल ते लिहिते.

बाळ गेलं, याचं मला वाईट वाटतं हे लिहिणं म्हणजे काहीच नाही. मी तिला खिळ्याला टांगून घरभर सांगत होते, माझा नातू. नात होती तर.

तुला एक सांगायचंय आणि ते सांगितल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस असं मला वाटतं. तो एप्रिलचा दोरा. तो मी हातात धरला तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. पोट वाढलेलं नाही, हे मला दिसत होतं. चाळीस वर्षांत शेकडो पोटुशा बायकांचे कपडे शिवले, असा दोरा मी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पुढे काय झालं ते मला माहीत होतं. तरी मी स्वतःची समजूत घातली. ताणला असेल, श्वास ओढला असेल, काडी आहे. शिकायला येणाऱ्या पोरींना मीच सांगते की दोरा खोटं बोलत नाही, बाई बोलते. आणि त्या दिवशी मी दोऱ्याला खोटं ठरवलं. वर दोन इंच माझ्या पदरचे घालून ड्रेस पाठवला. तू तो घातलास आणि तुला वाटलं वाढायला जागा आहे.

मी तेव्हाच गाडीत बसायला हवं होतं. बसले नाही. हातात लग्नाचे चार ब्लाउज होते, ते द्यायचे होते. हेही कारण होतं, लपवत नाही.

पोट दिसू नये असे ड्रेस शिवले मी. इतके चांगले शिवले की तुझ्या आजूबाजूच्या कुणाला काही दिसलं नाही.

दोरे खिळ्यावरून काढलेत. टाकलेले नाहीत. तुला हवे असतील तर देईन, नको असतील तर काय करायचं ते सांग.

तू लिहिलं नाहीस तरी चालेल.

मावशी

---

९ जून

मावशी,

तुझं पत्र आलं त्यानंतर चार दिवस मी तुझ्यावर चिडून होते. खूप चिडले होते. तुला दिसत होतं आणि तू बोलली नाहीस, हेच डोक्यात फिरत होतं. ड्रायव्हरसाहेबांना म्हटलं, मावशीचं नाव काढू नका.  

मग पाचव्या दिवशी मला मी लिहिलेलं एक वाक्य आठवलं आणि राग कुठे न्यावा कळेना.

मी नर्सकडे गेलेच नव्हते. फेब्रुवारीत एकदा गेले, त्यानंतर एकदाही नाही. दवाखान्याचा वार आणि माझी शिफ्ट एकाच वेळी यायची. सुट्टी मागितली तर कारण विचारलं असतं. म्हणून तुला लिहिलं की टेप लावून बघितलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं, आणि तू प्रश्न विचारायचं थांबवावंस म्हणूनही. तू बरोबर विचारलं होतंस. माझ्या उत्तराने तुझं तोंड बंद झालं.

अजून एक. एक मेचा दोरा मी घेतला होता. तू सांगितलंस तसा, श्वास सोडून, दोन वेळा. कपाटात एप्रिलच्या मापाचा एक जादा कापलेला दोरा होता, त्याच्याशेजारी धरला. मेचा छोटा भरला. दोन्ही वेळा. मी पलंगावर बसले, मग घड्याळ बघितलं, दोरे खिशात घातले आणि कामावर गेले. पाच दिवस गेले. दिवसाला हजार बाटल्या दिव्यासमोर धरल्या, केसाएवढा धागा दिसला तरी बाजूला काढला. सहा तारखेला रेडिओने माझा चेहरा बघितला आणि हात धरून बाहेर नेलं. तिनेच सुपरवायझर बाईंना सांगितलं. आणि ऐक, बाई काय म्हणाल्या. म्हणाल्या, मला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं, मलापण दोन मुलं आहेत, मी तुझं नाव कायमच्या यादीत आधीच घातलं होतं. मी कुणापासून लपवत होते मावशी?

आता कामाचं लिहिते.

निळा ड्रेस पार्सलने पाठवतेय आणि तो मोकळा तिसराही. बाकी कपडे अजून बसत नाहीत, पोट तसंच सैल आहे, म्हणून मला हेच घालावे लागणार. बावीस तारखेला, सोमवारी कामावर जायचंय.

निळ्याच्या फटी शिवून टाक. दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध आलं. आठ दिवस येत होतं. तुझ्या फटी बरोबर जागेवर होत्या, तसूभरही इकडेतिकडे नाही.

तिसऱ्याचे ते दोन इंच काढ. आत दुमडून ठेवू नकोस. तुला सवय आहे, पुढे लागेल म्हणून ठेवायची. या वेळी कापून टाक.

दोरे तुझ्याकडेच राहू देत. मेचे दोन माझ्याकडे आहेत.

काडी

---

१६ जून

काडे,

पार्सल काल आलं.

तू मला खोटं लिहिलंस, मी दोऱ्याला खोटं ठरवलं. यात कुणाचं किती, याची वाटणी करत बसायची नाही. मला ती करता येणार नाही आणि तूही करू नकोस. तुझ्यावर रागावले का, तर हो, एक दुपारभर. मग तू पलंगावर बसून दोन दोरे शेजारीशेजारी धरतेयस हे डोळ्यांसमोर आलं आणि राग राहिला नाही.

फटी शिवल्या. मशीन लावली नाही, हातानेच शिवल्या, बारीक टाक्यांनी. निळ्या कापडात निळा दोरा, तुला शोधून सापडायचं नाही.

तिसऱ्या ड्रेसची शिवण उसवली. दोन्ही बाजूंचं कापड मोकळं केलं. कात्री घेतली, ठेवली, चहा केला, पुन्हा घेतली. जन्मात असं कापड कापलेलं नाही. दुमडून ठेवावं आणि तुला सांगूच नये, असंही मनात आलं. पण एकदा तुझ्या मापावर माझं शहाणपण चालवून झालंय. तू काप म्हणालीस, मी कापलं.

मात्र शिवण घातलेली नाही. तुझं माप मला माहीत नाही. दोरा पाठवू नकोस. मी टेप घेऊन येतेय आणि माप मी स्वतः घेणार. हातशिलाईने तिथेच घालून देईन, सोमवारी तुला घालता येईल. ब्लाउजवाल्यांना सांगितलंय, थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर दुसरीकडे जा.

रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचते. घ्यायला येऊ नकोस, उन्हात उभं राहायचं नाही. पत्ता आहे माझ्याकडे, विचारत येईन, उत्तर ऐकू आलं नाही तर हातवारे करायला सांगीन लोकांना.

फक्त दार नुसतं लोटून ठेव, कडी घालू नकोस. मी वाजवलं आणि तू आतून "आले" म्हणालीस, तर मला ऐकू येणार नाही, मी बाहेरच उभी राहीन.

मावशी